मऊ घास

आमच्या अप्पांनी कासवाला मऊ भात भरवून भरवून आजारी पाडलं. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण घोळवत बसायची मला सवय नाही. मी गाडी शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ओरडते, ब्रेक दाबा, आरशात बघा, अहो समोर बघा, माझ्या तोंडाकडे काय बघताय! घोळवत बसले असते तर आत्तापर्यंत दहा खांबांना मिठी मारून झाली असती.

अप्पा म्हणजे माझे वडील. एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी होते. तेही साधे नव्हेत, म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डाचे. ज्यांना दात नाहीत, ज्यांना धड गिळता येत नाही, जे घास तोंडात धरून भिंतीकडे बघत बसतात, त्यांचं सगळं जेवण अप्पांच्या हातचं. सालं काढायची, बिया काढायच्या, उकडायचं, कुस्करायचं, चाळणीतून काढायचं. चमचा कलता केला की घास अलगद सुटला पाहिजे. धप्पकन पडला तरी नापास, चिकटून बसला तरी नापास. डाएटची मॅडम सुट्टीवर असली की वॉर्डातल्या नर्सबाया अप्पांनाच विचारायच्या, कुणाला काय द्यायचं म्हणून. अप्पांना त्याचा भारी अभिमान. आणि का नसावा? त्यांच्या हातचं खाऊन कित्येक म्हातारी माणसं जराशी हसली असतील.

पण उरलेलं सगळं आमच्या घरी यायचं, ही त्यातली गोम. अन्न टाकायचं नाही, हा अप्पांचा नियम. संध्याकाळी सायकलच्या हँडलला डबे लटकवून यायचे. उकडलेला भोपळा, कुस्करलेला बटाटा, गाळलेलं सूप, बिनमिठाची लापशी. लहानपणी मी नाक मुरडायची, ताटाला हात लावायची नाही, दप्तरात कडक टोस्ट लपवून ठेवायची. आई मात्र मुकाट्यानं जेवायची. अप्पा विचारायचे, "कसं झालंय?" आई म्हणायची, "छान. अगदी लोण्यासारखं." आणि अप्पांचा चेहरा असा काही खुलायचा की बघत राहावं.

मी कमवायला लागले आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या जवळ एक खोली घेऊन राहिले. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आई दिवसभर घरात एकटी. तेवढ्यात माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईंना घर बदलायचं होतं आणि नव्या घरमालकाला त्यांचं कासव नको होतं. मी ते खोक्यात घालून आईला नेऊन दिलं. "घे, तुला सोबत. भांडत नाही, टीव्ही मोठा लावत नाही." आईनं खोक्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अगं, याचं तोंड कुठाय?"

तोंड होतं, पण आत. या जातीच्या कासवाच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरी असते. घाबरलं की पुढूनमागून दारं ओढून घेतं आणि नुसता गोल डबा होऊन बसतं. नखसुद्धा बाहेर दिसत नाही. आईनं त्याचं नाव ठेवलं कुलूप. सकाळी अप्पा कामाला गेले की ती त्याला मागच्या अंगणात सोडायची आणि स्वतः पायरीवर बसायची. पुढं काय करायची, त्याला काय घालायची, कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मी सणकीत यायची, सणकीत जायची. कुलूप मात्र मजेत होतं. चकचकीत पाठ, त्या जातीचे असतात तसे लालबुंद डोळे, आणि चालणं असं ठसक्यात की माझ्या अर्ध्या शिकाऊ लोकांनी त्याच्याकडून शिकावं.

गेल्या वर्षी आई झोपेतच गेली. अप्पा तेव्हा रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते. दोघांनी आता निवांत बसून चहा प्यायचा, एवढाच त्यांचा बेत होता. तोही राहिला. मी खोली सोडून घरी राहायला आले, कारण अप्पांनी स्वतःसाठी गॅस पेटवणंच बंद केलं होतं. सगळा जन्म दुसऱ्यांना भरवण्यात घालवलेला माणूस, एकट्यासाठी काय शिजवणार? मी आणलेलं पार्सल दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे.

त्यांच्या दिवसात दोनच कामं उरली होती. एक म्हणजे काड्या मोडणं. सकाळी उठून ते अंगणात जायचे, वाळलेल्या फांद्या गोळा करायचे, कटाकट मोडायचे आणि भिंतीशी रचून ठेवायचे. मी विचारलं, "अप्पा, या काड्यांचं काय करायचंय? आपल्याकडे काय चूल आहे?"

"तुझी आई मोडायची," ते म्हणाले. "माझ्या सुट्टीच्या दिवशी मी उशिरापर्यंत लोळायचो ना, तेव्हा ऐकू यायचं. मी आतून विचारायचो, काय मोडतेस गं? ती म्हणायची, काड्या. तिचं काम होतं, चालू ठेवतो."

रचा म्हटलं. ढीग वाढत गेला.

दुसरं काम कुलूप. आणि तिथं मात्र अप्पांच्या अंगात पुन्हा आचारी संचारला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचं तोंड हळूच उघडून पाहिलं आणि मला हाक मारली. "अगं ये इकडे! याला एकसुद्धा दात नाही!" असं म्हणाले जसा काही वॉर्डात नवा पेशंट आला. झालं. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, दुधात भिजवलेला पाव, साल काढलेली काकडी, कुस्करलेलं केळं. बशीत काढायचे, चमचा कलता करून बघायचे, कोमट आहे ना ते मनगटावर थेंब टाकून बघायचे. अंगणात ऊन लागेल, मुंग्या चावतील म्हणून कुलूपचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, टोपलीत, जुन्या टॉवेलावर. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान गॅस पेटत होता. कुलूपसाठी केलेल्या भातातला थोडा अप्पा स्वतःही खायचे.

मग कुलूपची चोच वाढायला लागली. वरचा भाग खाली वाकला, एखाद्या पोपटाला लाज वाटावी इतका. त्याला घास पकडता येईना. अप्पांनी काय करावं? घास आणखी मऊ केला. मग आणखी पातळ. शेवटी चमच्यानं भरवायला लागले. आणि एका सकाळी कुलूपचे डोळे उघडेनात. पापण्या सुजून गच्च मिटलेल्या. मी टोपलीजवळ वाकले तर अप्पा म्हणाले, "झोपलंय." आई गेली त्या सकाळी तिच्याबद्दलही ते असंच म्हणाले होते. झोपलीय.

मी पहिले दोन क्लास रद्द केले. मागं-पुढं 'L' लावलेल्या गाडीत अप्पांना आणि टोपलीला घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वयानं लहान होती, पण हात सराईत. कुलूपला उचललं, फिरवलं, पोटाकडचं कवच दाबून बघितलं. "काय खायला देता, आजोबा?"

अप्पांनी सांगितलं. सगळं, पायरी पायरीनं. भात किती वेळ शिजवायचा, पाव दुधात किती भिजवायचा, शेवटी चाळणी. सांगता सांगता ते ताठ बसले. मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना कुणी स्वयंपाकाविषयी विचारत होतं. डॉक्टरनं मधे तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आजोबा, यातलं काहीच याचं जेवण नाही हो."

अप्पांनी रिकामी टोपली मांडीवर ओढून घेतली.

"याला दात नसतातच, पण चोच असते. चोचीला काम लागतं. कडक काही मिळालं नाही की ती झिजत नाही, अशी वाढते. दूध याला पचत नाही. भात, पाव पोट भरतात, बाकी काही देत नाहीत. अ जीवनसत्त्व नाही म्हणून डोळे सुजलेत. ऊन नाही, चुना पोटात नाही, म्हणून कवच मऊ पडायला लागलंय. हे बघा." तिनं अप्पांचं बोट धरून कवचाच्या कडेला लावलं. आयुष्यभर मऊपणा बोटांनी तपासलेला माणूस. त्यांनी बोट चटकन मागं घेतलं.

"मग काय खातं ते?" मी विचारलं.

"गांडुळं. गोगलगायी, कवचासकट. अळ्या, किडे. अळंबी, गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, सगळं कच्चं. फळ अगदी थोडं. आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात ना, समुद्रफेणाचा तुकडा, तो चावायला." मग तिनं विचारलं, "आधी तर चांगलं होतं म्हणता. आधी कोण बघायचं याचं? काय द्यायचे?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी माझ्याकडे. एवढी वर्षं ते कासव आमच्या घरात, आणि आम्हा दोघांना ओ की ठो माहीत नाही.

"हिची आई," अप्पा म्हणाले. "काय द्यायची ते... मी कामावर असायचो."

डॉक्टरनं दाताच्या डॉक्टरकडं असतं तसलं बारीक यंत्र काढून चोच घासली. त्या घर्रर्र आवाजाबरोबर अप्पा खुर्चीत आक्रसत होते. कुलूपला इंजेक्शन दिलं, डोळ्यांचं औषध दिलं. "डोळे उघडतील. पण उघडल्यावर त्यानं स्वतःहून खायला पाहिजे. भरवायचं नाही. आता याला बळ फार उरलेलं नाही, ताई. स्वतःहून खाल्लं तर वाचेल. काय खात होतं ते कुणाला माहीत असेल तर विचारा. जुनी सवय असली की लवकर धरतात."

गाडीत अप्पा एकच वाक्य बोलले. "मी त्याला रोज विचारून भरवत होतो गं." कासवाला काय विचारणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

पुढचे दिवस नुसती धांदल. सकाळी कोमट पाण्यात कुलूपची आंघोळ, मग डोळ्यांत थेंब, मग खिडकीतल्या उन्हात टोपली. आणि मग जेवणाचा प्रश्न. जन्मभर पालेभाजीतल्या अळ्या भिंगातून बघितल्यासारख्या शोधून फेकलेला माणूस! "आता अळी वाढू मी ताटात?" असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. पण गेले हो. भिंतीकडची माती उकरली, चार गांडुळं आणली आणि चाळणीत घालून नळाखाली धुतली. सूप गाळायची चाळणी! मी किंचाळले. "अप्पा, त्यात उद्या माझा चहा गाळाल!"

"मग काय मातीसकट देऊ? आजारी आहे ते."

डोळे उघडले. पूर्वीसारखे लालबुंद नाहीत, पण उघडले. माझा जीव भांड्यात पडला, पण तो तेवढ्यापुरताच, कारण कुलूप काही खाईना. गांडूळ समोर वळवळतंय आणि हे त्याच्या पलीकडे बघतंय. गाजराचा तुकडा ठेवला, अळंबी ठेवली, भोपळा ठेवला. कुलूपनं एकदा बघितलं आणि दारं लावून घेतली. दिवसामागून दिवस गेले. उचललं की हाताला हलकं लागायचं. अप्पांचंही जेवण पुन्हा तुटलं. टोपलीसमोर स्टूल टाकून बसायचे. मी कामावरून आले की विचारायची, "खाल्लं?" ते मान हलवायचे, आणि मी विचारायची, "तुम्ही?" तर तेवढीही हलवायचे नाहीत. मला कळत होतं, हे कासव गेलं तर त्याच्या मागोमाग काय जाणार आहे.

एक दिवस दुपारी एका क्लासला सुट्टी मिळाली म्हणून लवकर आले, तर अप्पा गॅससमोर. पातेल्यात गाजर उकडत होतं. बाजूला चाळणी, चमचा, बशी.

माझ्या नाकावरचा राग तुम्हाला माहीत नाही. "बास करा आता अप्पा! डॉक्टर काय म्हणाली? भरवायचं नाही! तुमच्या या मऊ मऊनंच त्याचे हे हाल झाले ना? तरी पुन्हा तेच?"

अप्पांनी गॅस बंद केला. चमचा पुसला, जागेवर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

मी चप्पल घालून बाहेर पडले. थांबले असते तर एक तर आणखी बोलले असते, नाही तर रडले असते, आणि मला दोन्ही नको होतं.

आमच्या मागच्या अंगणाला लागून टेलरकाकूंचं घर आहे. त्यांचं शिलाई मशीन खिडकीशी आणि खिडकी बरोबर आमच्या पायरीसमोर. माझे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले. डॉक्टरनं सांगूनही मला आधी त्यांची आठवण झाली नाही, म्हणजे माझ्याही अकलेची कमालच. गेले आणि विचारलं, "काकू, आई कुलूपला काय घालायची?"

"घालायची कशाला?" काकूंनी पायाखालचं मशीन थांबवलं. "सोडायची अंगणात. ते आपलं आपण कुंड्यांखाली शिरायचं, गोगलगायी मटकावायचं. ती बसायची पायरीवर गाजर खात."

"गाजर?"

"रोज! कच्चं, हे एवढं जाडजूड. कधी मुळा, कधी कच्चा पेरू, पण गाजर जास्त. कडाकडा खायची, मला इथं मशीन चालू असताना ऐकू यायचं. आणि शेंड्याचा तुकडा दातानं तोडून त्याला द्यायची. तो तुकडा तुटल्याचा आवाज झाला की हे ध्यान असेल तिथून निघालंच. पायरीशी येऊन मान वर करून उभं."

माझी आई. उकडलेला भोपळा मुकाट्यानं खाणारी.

"मी एकदा विचारलं तिला," काकू म्हणाल्या, "अगं, अशी बाहेर बसून काय खातेस, घरात खा की. तर हसली. म्हणाली, दातांची जरा करमणूक. ह्यांच्या हातचं सगळं मऊ गं, चावायला काही नसतं. म्हटलं, मग सांग की त्यांना, निदान तुझ्यापुरतं वेगळं करतील. तर म्हणाली, छे! दिवसभर त्या म्हाताऱ्यांना भरवून येतात, घरी येऊन मला विचारतात कसं झालंय. काय सांगू त्यांना? आणि एकदा आतून हाक आली तर पटकन काड्या म्हणून सांगून मोकळी झाली, आणि माझ्याकडे बघून अशी डोळे मिचकावते!" काकू हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला हसू आलं नाही. मला आईचा राग आला, अप्पांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढी गप्प कशाला राहायचीस गं? टोस्ट लपवणारी लेक होती तुझ्या घरात! एकदा सांगितलं असतंस तर आपण दोघी मिळून चोरून खाल्लं असतं.

परत येताना ठरवलं, अप्पांना अर्धंच सांगायचं. आई कुलूपला अंगणात सोडायची आणि गाजराचा शेंडा द्यायची, एवढंच. बाकीचं कशाला? त्या भिंतीशी रचलेल्या काड्यांकडे माझी नजर गेली आणि निश्चय आणखी पक्का झाला. माझ्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही असं सगळे म्हणतात. म्हटलं, या वेळी थांबवून दाखवते.

सकाळी अप्पा उठायच्या आधीच मी कुलूपला टोपलीतून काढून अंगणात ठेवलं, कुंड्यांच्या जवळ, कोवळ्या उन्हात. ते दारं लावून बसलं. मी पायरीवर बसले. गाजराचा शेंडा हातानं मोडून पुढं टाकला. काही नाही. चाकूनं कापून टाकला. काही नाही. मग आठवलं, दातानं. आवाज व्हायला हवा.

अप्पांच्या खोलीची खिडकी माझ्या डोक्यावर उघडी होती. आत अप्पा झोपलेले. पण कुलूप समोर दगडासारखं पडलेलं. किती दिवस थांबणार होते? मी गाजर तोंडात धरलं आणि दात रोवले.

कट्ट!

कुंडीजवळ काही हललं नाही. मी जरा जोरात चावलं. कट्ट, कडाड. पुढचं दार बोटभर उघडलं. आतून ते नाक, मग ते डोळे. मी तिसऱ्यांदा चावलं आणि कुलूप चारी पायांवर उठलं. डुलत डुलत, धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, पण सरळ पायरीकडे! मी शेंडा तोंडातून काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं मान लांबवली, तुकडा नीट पाहिला आणि घासलेल्या, धड झालेल्या चोचीनं तो तोडला. चावला. गिळला. आणि पुन्हा मान वर करून उभं.

मला ओरडावंसं वाटलं, अप्पा, खाल्लं हो! तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून, झोपेतल्या जड आवाजात, हाक आली.

"काय मोडतेस गं?"

मला नव्हती ती हाक. त्यांनाही कळलं असावं, कारण लगेच पलंगाची करकर झाली.

काड्या म्हणायचं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं. आईला जमायचं ते मला का जमू नये? पण माझ्या तोंडात गाजर होतं, पायाशी कासव होतं, आणि खोटं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते.

"गाजर, अप्पा," मी म्हटलं. "गाजर खातेय."

मग चपला घसटत अप्पा दारात आले. केस विस्कटलेले, तोंडात कवळी नाही, गाल आत गेलेले. त्यांनी पायरीवर बसलेल्या मला पाहिलं, माझ्या हातातल्या गाजराकडे पाहिलं, मान वर केलेल्या कुलूपकडे पाहिलं. आणि मग भिंतीशी रचलेल्या त्यांच्या काड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. तिथून त्यांची नजर हलेना.

"काड्या नव्हत्या," ते म्हणाले.

"नव्हत्या."

"रोज?"

"काकू म्हणतात, रोज."

ते माझ्या शेजारी बसले, गुडघ्यांवर हात टेकत. मी वाट पाहत होते, विचारतील, मला का नाही सांगितलं म्हणून. त्याचं उत्तर द्यावं लागू नये असं मनात म्हणत होते. पण त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांना ते माहीत होतं. "मी रोज विचारायचो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कसं झालंय म्हणून विचारायचो. तुला काय हवंय, हे एकदाही नाही विचारलं."

"अप्पा, मीही नाही विचारलं."

त्यांनी मान हलवली, पण ती माझ्यासाठी नव्हती. माझ्या हातून गाजर घेतलं. बोटांनी दाबून बघितलं, जुन्या सवयीनं. मग तोंडाशी नेलं, हिरड्यांनी धरलं, दाबलं. काहीच झालं नाही. गाजरावर नुसती ओल उमटली. त्यांनी ते तोंडातून काढलं, सदऱ्याला नीट पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"खा," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी किसून आणते, अप्पा."

"नको. तू खा. आणि जरा मोठ्यानं खा." त्यांनी डोळे मिटले, डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं. "मी नीट ऐकलंच नव्हतं गं कधी."

मी खाल्लं. नाक वाहत होतं, समोर कासव आपल्या वाट्याची वाट बघत उभं होतं. पण खाल्लं. कडाकडा.